मोल, वजन, उडी: इंग्रजीतल्या स्तुतीच्या आणि आनंदाच्या शब्दांमागची चित्रं

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘प्रेझ’ पाहा, ‘लॉड’ पाहा, ‘एक्स्टोल’ किंवा ‘कमेंड’ पाहा, चारही ठिकाणी ‘स्तुती करणे, प्रशंसा करणे’ हाच अर्थ दिसतो. आनंदाकडे वळलं तरी तेच. ‘ब्लिस’, ‘रॅप्चर’, ‘एक्स्टसी’, ‘इलेशन’ यांच्यापुढे परमानंद, अत्यानंद आणि हर्ष हे तीन शब्द आलटून पालटून येतात. अर्थ चुकीचे नाहीत. पण सहकाऱ्याला बढती मिळाल्यावर आपल्याला ‘रॅप्चर’ झाला असं लिहायचं की नाही, हे त्यावरून कळत नाही. जिवंत माणसाच्या सत्कारातल्या भाषणाला ‘यूलजी’ म्हटलं तर ऐकणारे का दचकतात, तेही कळत नाही.

या शब्दांचा एक गुण मात्र आपल्या कामाचा आहे. जवळजवळ प्रत्येकाच्या पोटात एक साधं, हाताला लागणारं चित्र आहे: किंमत ठरवणं, वर उचलणं, उडी मारणं, पकडून नेणं, स्वतःबाहेर उभं राहणं. शब्दाचं आजचं वागणं, म्हणजे तो कुणाबद्दल वापरतात, त्याच्यामागे कुठलं अव्यय लागतं, तो कुठे खटकतो, हे बहुतेक वेळा त्या चित्रातूनच आलेलं असतं. आणि यातली बरीच चित्रं मराठीत आधीपासून आहेत.

प्रेझ म्हणजे मोल जाणणं

‘प्रेझ’चा उगम लॅटिन ‘प्रेटियम’ या शब्दात आहे. प्रेटियम म्हणजे किंमत. त्यावरून क्रियापद झालं ‘मोल ठरवणे’, ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलं आणि ‘स्तुती करणे’ या अर्थाला स्थिरावलं. ‘प्राइस’, ‘प्राइझ’, ‘प्रेशस’, ‘अप्रीशिएट’ ही सगळी त्याच घरातली भावंडं. मराठीत आपण एखाद्याच्या कष्टांचं मोल जाणतो, अगदी तसंच.

म्हणून ‘प्रेझ’ला एक कारण लागतं, जे मोलाचं वाटलं ते. ते कारण ‘फॉर’ने जोडतात: ‘शी प्रेझ्ड हिम फॉर हिज पेशन्स.’ आपण ‘त्याच्या संयमाबद्दल’ असं म्हणतो, त्यामुळे हात ‘अबाउट’कडे जातो. तिथे ‘अबाउट’ चालत नाही. दुसरी नेहमीची चूक ‘अ प्रेझ’ लिहिण्याची. या अर्थाने ‘प्रेझ’ हे नाम मोजता येत नाही. एक शब्द कौतुकाचा म्हणायचा असेल तर ‘अ वर्ड ऑफ प्रेझ’ म्हणावं लागतं. अनेकवचन दिसतं ते मुख्यतः ‘सिंग समवन्स प्रेझेस’ या वाक्प्रचारात, म्हणजे आपल्या ‘गोडवे गाणे’मध्ये.

याच घराच्या उंबरठ्यावर दोन शब्दांची गल्लत होते. ‘अप्रेझ’ म्हणजे मूल्यमापन करणं. घराचं किंवा दागिन्याचं मोल काढणं आणि कामाचं वार्षिक ‘अप्रेझल’ हे त्यातूनच आलं. ‘अप्राइझ’ म्हणजे माहिती देणं, आणि ते फ्रेंचमधल्या ‘शिकणे, शिकवणे’ या क्रियापदावरून आलंय. किमतीशी त्याचा संबंध नाही. ‘मला घडामोडी कळवत राहा’ या अर्थाने ‘कीप मी अप्रेझ्ड’ लिहिणारे पुष्कळ असतात. तिथे ‘अप्राइझ्ड’ हवं.

जाता जाता आपल्या ‘प्रशंसे’कडेही पाहू. तिच्यातला ‘शंस्’ हा धातू म्हणजे जाहीरपणे उच्चारणं. त्याचा लॅटिनमधला नातेवाईक ‘सेन्सेरे’, म्हणजे मत देणं, मूल्य ठरवणं. त्याच्यापासून इंग्रजीत ‘सेन्सस’ आला, ‘सेन्सर’ आला आणि ‘सेन्शर’ही आला. सेन्शर म्हणजे जाहीर निषेध. एकाच मुळापासून इकडे प्रशंसा निघाली आणि तिकडे निंदा, कारण दोन्हींच्या तळाशी माणसाबद्दल उघडपणे मत देण्याची एकच क्रिया आहे.

कौतुकाला इंग्रजीत एक शब्द नाही

मराठी माणसाची खरी अडचण ‘कौतुक’ इंग्रजीत नेताना होते. हा शब्द आपण इतक्या ठिकाणी वापरतो की एका इंग्रजी शब्दाच्या मापात तो बसत नाही. ‘मला तुझ्या चिकाटीचं कौतुक वाटतं’ यातली भावना मनातली आहे, तिथे ‘अडमायर’ हवं. ‘सरांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं’ हे बोललेलं आहे, तिथे ‘प्रेझ’. आजी नातवाचं कौतुक करते तेव्हा ती ‘प्रेझ’ करत नसते. ती त्याचे लाड करते, त्याच्याभोवती नाचते. इंग्रजीत ते ‘डोट ऑन’ किंवा ‘मेक अ फस ऑफ’. आणि कौतुकाने बघणं म्हणजे ‘फाँडली’ बघणं किंवा नवलाने बघणं. नवल हा अर्थ तर संस्कृतातल्या ‘कौतुक’चा जुना अर्थ आहे, मराठीत तो अजून जिवंत आहे.

एखाद्या ठरावीक गोष्टीचं, बहुधा समोरासमोर केलेलं छोटं कौतुक म्हणजे ‘कॉम्प्लिमेंट’. हा शब्द मोजता येतो, ‘अ कॉम्प्लिमेंट’ बिनधास्त लिहावं. क्रियापदामागे ‘ऑन’ येतो: ‘ही कॉम्प्लिमेंटेड हर ऑन हर हँडरायटिंग.’ अभिनंदनालाही ‘ऑन’ लावावा: ‘काँग्रॅच्युलेट समवन ऑन.’ मराठीतल्या ‘बद्दल’मुळे तिथे ‘फॉर’ घुसतो. मधोमध ‘आय’ असलेला कॉम्प्लिमेंट कौतुकाचा. ‘ई’ असलेला त्याचा जुळा म्हणजे पूरक असणं. मोफत मिळालेली प्रत ‘आय’वाली असते, कारण ती सौजन्याची भेट.

‘कमेंड’मध्ये थोडी पायरी आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘एखाद्याच्या हाती सोपवणे’, आणि ‘रेकमेंड’ त्याचाच भाऊ. वरिष्ठ कनिष्ठाला ‘कमेंड’ करतो, संस्था सैनिकाला करते, परीक्षक विद्यार्थ्याला करतात. विद्यार्थ्याने शिक्षकांना ‘आय कमेंड यू फॉर युअर टीचिंग’ असं लिहिलं तर व्याकरण बरोबर असूनही ते उद्धट वाटतं. शिष्याने गुरूच्या पाठीवर शाबासकीची थाप मारावी तसं. तिथे ‘आय अॅम ग्रेटफुल’ किंवा ‘आय रिअली अप्रीशिएट’ हेच योग्य.

उचलणं आणि उडी मारणं

स्तुती म्हणजे एखाद्याला वर उचलणं, हे चित्र मराठीला नवं नाही. आपण माणसाला डोक्यावर घेतो, आणि खोटं उचलायचं असेल तर हरभऱ्याच्या झाडावर चढवतो. ‘एक्स्टोल’ हे लॅटिनमधल्या ‘वर उचलणे’चंच रूप आहे. ते सहसा माणसापेक्षा गुणांना लागतं: ‘एक्स्टोल द व्हर्च्यूज ऑफ’, म्हणजे अमुक गोष्टीचे गुण भरभरून सांगणं. ‘लॉड’ला असं चित्र नाही. लॅटिन ‘लाउस’ म्हणजे स्तुती, तिथून तो सरळ आला. ‘कम लॉडे’, ‘मॅग्ना कम लॉडे’, ‘सुमा कम लॉडे’ या पदवीच्या श्रेण्यांतही तोच आहे: स्तुतीसह, मोठ्या स्तुतीसह, सर्वोच्च स्तुतीसह. बोलताना तो कुणी फारसा वापरत नाही, तो बातम्यांच्या मथळ्यांचा शब्द. फक्त ‘लॉडेबल’ आणि ‘लॉडटरी’ यांत गोंधळू नये. स्तुतीला पात्र असलेला प्रयत्न लॉडेबल, तर स्तुतीने भरलेलं परीक्षण लॉडटरी.

आता सर्वांत जास्त घोटाळा करणारी जोडी: ‘एग्झॉल्ट’ आणि ‘एग्झल्ट’. लिहिताना एका अक्षराचा फरक, पहिल्यात ‘ए’ आणि दुसऱ्यात ‘यू’. पहिला शब्द ‘आल्टस’ म्हणजे उंच या लॅटिन शब्दावरून आलाय, ‘अॅल्टिट्यूड’ त्याच्या नात्यातला. एग्झॉल्ट म्हणजे दुसऱ्याला उंच स्थानी नेणं. दुसरा शब्द ‘सालिरे’ म्हणजे उडी मारणे यावरून आला. एग्झल्ट म्हणजे आनंदाने स्वतः उडी मारणं. लक्षात ठेवायला सोपी युक्ती: ‘ए’ अॅल्टिट्यूडचा, ‘यू’ उडीचा.

चित्र कळलं की व्याकरण आपोआप येतं. उचलायला दुसरं कुणीतरी लागतं, म्हणून एग्झॉल्ट सकर्मक आहे. उडी आपली आपण मारतो, म्हणून एग्झल्ट अकर्मक, आणि त्याच्यामागे ‘इन’, ‘अॅट’ किंवा ‘ओव्हर’ लागतो. यातला ‘ओव्हर’ जपून वापरावा. हरलेल्या प्रतिस्पर्ध्यावर ‘एग्झल्ट ओव्हर’ करणं म्हणजे त्याच्या पराभवावर नाचणं. याच उडीच्या धातूपासून ‘असॉल्ट’ आणि ‘इन्सल्ट’ही निघाले. इन्सल्ट म्हणजे मुळात अंगावर उडी घेणं. नामांच्या बाबतीत सीमारेषा थोडी पुसट आहे: ‘एग्झॉल्टेशन’ म्हणजे उंचावणंही आणि मन उंचावल्याची भावनाही. ज्योतिषातला ग्रह उच्चीचा असतो तेव्हा इंग्रजीत त्याला एग्झॉल्टेड म्हणतात. हे एक उदाहरण डोक्यात ठेवलं तरी ‘ए’ची बाजू कधी विसरणार नाही.

‘इलेटेड’मध्येही ‘वर वाहून नेलेला’ हाच अर्थ आहे. निकाल लागला, सामना जिंकला, नोकरी लागली अशा ताज्या बातमीनंतरच्या आनंदाला हा शब्द शोभतो. आपल्याला आकाश ठेंगणं होतं किंवा स्वर्ग दोन बोटं उरतो. इंग्रज माणूस ‘ऑन क्लाउड नाइन’ असतो किंवा ‘ओव्हर द मून’. आनंदाची दिशा वर, हे दोन्ही भाषांत ठरलेलंच आहे.

ग्लोरीचं वजन

‘ग्लोरी’ हा या सगळ्यांतला सर्वांत गुंतागुंतीचा शब्द, कारण त्याच्यात तीन भाषांचे थर आहेत. हिब्रू बायबलमध्ये ईश्वराच्या तेजाला आणि मानाला ‘कावोद’ म्हणतात. त्याचा धातू जडपणाचा, वजनाचा. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून त्या ग्रंथांचं ग्रीक भाषांतर होऊ लागलं तेव्हा कावोदसाठी ‘डोक्सा’ शब्द निवडला गेला. डोक्साचा मूळ अर्थ मत, म्हणजे लोकांना जे वाटतं ते. ‘ऑर्थोडॉक्स’ आणि ‘पॅराडॉक्स’मध्ये हाच डोक्सा आहे. पुढे लॅटिन भाषांतरात तिथे ‘ग्लोरिया’ आला, ज्याचा अर्थ कीर्ती. वजन, लोकमत आणि कीर्ती हे तिन्ही अर्थ एका शब्दात उतरले आणि त्यावर तेजाची झळाळी चढली.

मराठी वाचकाला पहिला थर कळायला काहीच कष्ट पडू नयेत, कारण ‘गौरव’ म्हणजे तरी दुसरं काय? गुरु म्हणजे जड, आणि गुरूचा भाव तो गौरव. गुरुत्वाकर्षणातला ‘गुरु’ तोच. लॅटिनमधला ‘ग्राविस’ त्याचा सख्खा नातेवाईक, म्हणून इंग्रजीत ‘ग्रॅव्हिटी’. ‘त्यांच्या शब्दाला वजन आहे’ असं आपण सहज म्हणतो, त्या वजनाचं ईश्वरी रूप म्हणजे कावोद. माझ्या मते ‘ग्लोरी’साठी मराठीत ‘गौरव’ इतका नेमका शब्द दुसरा नाही. ‘वैभव’ हा अर्थ फक्त ‘इन ऑल इट्स ग्लोरी’ सारख्या ठिकाणी, डोळ्यांना दिसणाऱ्या थाटासाठी घ्यावा.

तेजाचा अर्थ निसर्गातही उतरला आहे. विमानाची सावली खालच्या ढगांवर पडते तेव्हा तिच्याभोवती कधी कधी रंगीत वलयं दिसतात. ढगातले पाण्याचे बारीक थेंब प्रकाश आल्या दिशेने परत फेकतात, त्यातून ती तयार होतात. या दृश्याला इंग्रजीत ‘ग्लोरी’ असंच म्हणतात. धुक्यावर पडलेल्या सावलीभोवतीही ते दिसतं, आणि गंमत अशी की शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी प्रत्येकाला वलय स्वतःच्याच डोक्याच्या सावलीभोवती दिसतं.

या कुटुंबातले दोन शब्द दिसायला चांगले पण अर्थाने कडू आहेत. ‘व्हेनग्लोरी’ म्हणजे पोकळ बढाई. ‘ग्लोरिफाइड’ हे विशेषण तर हमखास फसवतं: ‘अ ग्लोरिफाइड टायपिस्ट’ म्हणजे गौरव झालेला टायपिस्ट नाही, तर हुद्दा मोठा पण काम टायपिंगचंच. क्रियापद ‘ग्लोरिफाय’ही धार्मिक संदर्भाबाहेर बहुधा टीकेचं असतं, जसं हिंसेचं उदात्तीकरण.

कीर्तीसाठी आणखी एक शब्द हल्ली अभिनंदनाच्या संदेशांत फार दिसतो, ‘क्यूडॉस’. हा ग्रीक शब्द आहे आणि त्याचा शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा नाही, तो मुळातलाच आहे. त्यामुळे एक ‘क्यूडो’ अशी काही गोष्ट नसते, आणि काळजीपूर्वक लिहिणारे ‘क्यूडॉस इज’ असं एकवचनच ठेवतात. ‘क्यूडॉस टू द टीम’ सहकाऱ्यांमध्ये छान वाटतं, शोकसंदेशात किंवा औपचारिक पत्रात नाही.

ग्रीकमध्ये कीर्तीसाठी याहून मोठा शब्द होता ‘क्लेओस’, म्हणजे जे ऐकलं जातं ते. होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या नवव्या सर्गात त्याचा नायक अकिलीज ‘क्लेओस आफ्थितोन’ म्हणजे अक्षय कीर्तीबद्दल बोलतो. ऋग्वेदात हीच कल्पना त्याच मुळांच्या शब्दांत येते: ‘अक्षिति श्रवः’. क्लेओस आणि श्रवस् हे एकाच धातूचे, आपल्या ‘श्रवण’मधल्या धातूचे. आडालबर्ट कून या जर्मन अभ्यासकाने 1853 मध्ये हे साम्य दाखवून दिलं. इंग्रजीत त्या धातूचं एक साधं लेकरू उरलं आहे: ‘लाउड’, म्हणजे जे ऐकू येतं ते, आपल्या ‘श्रुत’चा भाऊ. ‘लॉड’शी मात्र त्याचं काही नातं नाही, आवाज सारखा असला तरी. आणि आपली ‘कीर्ती’ही कानाशीच बांधलेली आहे, कारण ती ‘कीर्तन’च्या, म्हणजे उच्चारण्याच्या, सांगण्याच्या धातूची आहे. कुणीतरी सांगितलं, कुणीतरी ऐकलं, ती कीर्ती.

टाळ्या, भाषणं आणि एक खबरदारी

‘अक्लेम’मध्ये ओरडणं आहे, ‘अप्लॉझ’मध्ये टाळी आहे. रोमन रंगभूमीवर नट शेवटी ‘टाळ्या वाजवा’ असं म्हणत, त्यावरून ‘प्लॉडिट’ आला. नट पसंत पडला नाही तर प्रेक्षक टाळ्या आणि आरडाओरडा करून त्याला हाकलत, त्या क्रियेचं नाव ‘एक्स्प्लोड’. स्फोटाचा अर्थ नंतरचा. ‘ओव्हेशन’ हा रोममधला दुय्यम विजयसोहळा होता. पूर्ण ‘ट्रायम्फ’ मिळालेला सेनापती रथातून येई, ओव्हेशन मिळालेला पायी किंवा घोड्यावरून. आज ‘स्टँडिंग ओव्हेशन’मध्ये उभे राहतात ते प्रेक्षक.

भाषणांचे शब्द अवघड दिसतात, पण वापर मोजका असतो. ‘पॅनिजिरिक’ म्हणजे भरसभेतली स्तुती, कारण त्यात ‘सगळे जमलेले’ असा अर्थ आहे. ‘एन्कोमियम’ उत्सवातली. ‘पीअन’ हे मुळात अपोलो देवाचं स्तोत्र, आता कुठल्याही गोष्टीचं उत्कट गुणगान, आणि त्याच्यामागे ‘टू’ लागतो. हे तिन्ही ओळखता आले तरी पुरे.

‘यूलजी’ मात्र नीट समजून घ्यावा. ग्रीकमध्ये ‘यू’ म्हणजे चांगलं आणि ‘लोगोस’ म्हणजे बोलणं. व्युत्पत्तीनुसार जिवंत माणसाबद्दलही चालावा, आणि जुन्या लेखनात चालतही असे. आज ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा अंत्यविधीतलं भाषण येतं. निवृत्तीच्या समारंभाला ‘ट्रिब्यूट’ म्हणावं. मृत्यूची बातमी आणि जीवनपट छापला जातो ती ‘ओबिच्युअरी’, शोककविता ती ‘एलिजी’, आणि उभं राहून बोललेलं ते यूलजी.

खबरदारीचा आणखी एक शब्द म्हणजे ‘फुलसम’. ‘फुल’ दिसतो म्हणून ‘भरभरून स्तुती’ या अर्थाने ‘फुलसम प्रेझ’ लिहिलं जातं. मध्ययुगीन इंग्रजीत तो खरंच भरपूर या अर्थाचा होता. पुढे त्याला ओकारी येईल इतकं गोड, खोटं, अती असा अर्थ चिकटला. आता काही जण जुना अर्थ परत वापरतात, पण वाचणारा कुठला अर्थ घेईल याचा भरवसा नाही. ज्याचं मनापासून कौतुक करायचं आहे त्याच्या बाबतीत असा धोका कशाला पत्करायचा? ‘ग्लोइंग’, ‘जेनरस’, ‘हाय प्रेझ’ हे निर्धोक आहेत. उदोउदोसाठी ‘अॅड्युलेशन’ आहे. त्याचं लॅटिन मूळ मालकापुढे लाडीगोडी करणाऱ्या कुत्र्यासाठीही वापरलं जाई, आणि तो वास शब्दाला अजून थोडा येतो.

एक्स्टसी: स्वतःबाहेर उभं राहणं

ग्रीक ‘एक्स्टासिस’मध्ये ‘एक्’ म्हणजे बाहेर आणि ‘स्टासिस’ म्हणजे उभं असणं, आपल्या ‘स्था’ धातूचाच भाऊबंद. माणूस आपल्या जागेवरून, स्वतःतून बाहेर जातो ती एक्स्टसी. मराठीत याला ‘देहभान हरपणं’ इतकं चपखल नाव आहे की ‘अत्यानंद’ हा पर्याय त्यापुढे फिका वाटतो. अत्यानंदात आनंदाचं प्रमाण वाढतं. एक्स्टसीत ‘मी’ बाजूला होतो.

म्हणूनच हा शब्द सुरुवातीला फक्त आनंदाचा नव्हता. भीतीने, दुःखाने, वेडाने माणूस स्वतःबाहेर गेला तरी ती एक्स्टसीच. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये ऑफिलिया हॅम्लेटच्या बिघडलेल्या मनाबद्दल हाच शब्द वापरते, आणि तिथे त्याचा अर्थ वेड असा आहे. साध्या इंग्रजीत हे चित्र ‘बिसाइड हिमसेल्फ’ या वाक्प्रचारात टिकलंय: माणूस रागाने, दुःखाने किंवा आनंदाने स्वतःच्या शेजारी उभा.

गूढ अनुभवाच्या अर्थाने एक्स्टसी समजून घ्यायची असेल तर बेर्निनी या इटालियन शिल्पकाराचं शिल्प पाहावं. रोममधल्या सांता मारिया देला व्हित्तोरिया चर्चमध्ये त्याने 1647 ते 1652 या काळात घडवलेली, सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संत तेरेसाची मूर्ती आहे. डोळे मिटलेले, ओठ विलग, देह सैल पडलेला. चेहऱ्यावर हसू नाही. तो चेहरा सुखाचा की वेदनेचा, हे सांगता येत नाही, आणि एक्स्टसी या शब्दाचा गाभा नेमका तिथे आहे.

रोजच्या वापरात मात्र नाम आणि विशेषण यांच्या वाटा वेगळ्या झाल्या आहेत. ‘शी वॉज एक्स्टॅटिक अबाउट द रिझल्ट’ हे अगदी नेहमीचं, निरुपद्रवी वाक्य, म्हणजे ती बेहद्द खूश झाली. ‘एक्स्टसी’ हे नाम मात्र धार्मिक तंद्री, शरीरसुख किंवा त्या नावाने ओळखलं जाणारं अमली द्रव्य यांपैकी काहीतरी सुचवतं. त्यामुळे कार्यालयीन पत्रात ‘आय अॅम इन एक्स्टसी’ लिहू नये. ‘आय अॅम डिलाइटेड’ किंवा ‘थ्रिल्ड’ पुरेसं आहे. स्पेलिंगमध्येही लोक अडखळतात: शेवट ‘ए-एस-वाय’ असा आहे, ‘ए-सी-वाय’ असा नाही. स्टासिसमधला ‘एस’ आठवला की चूक होत नाही.

‘रॅप्चर’चं चित्र वेगळं. लॅटिन ‘रापेरे’ म्हणजे झडप घालून नेणं. ‘रॅपिड’, शिकारी पक्ष्यासाठीचा ‘रॅप्टर’ आणि बलात्कारासाठीचा ‘रेप’ हे सगळे त्याच मुळाचे. एक्स्टसीत माणूस बाहेर जातो, रॅप्चरमध्ये त्याला कुणीतरी उचलून नेतं: संगीत, दृश्य, ईश्वर. काही ख्रिस्ती पंथांच्या श्रद्धेनुसार शेवटच्या काळात श्रद्धाळूंना आकाशात उचलून घेतलं जाईल, त्या घटनेला मोठ्या ‘आर’चा रॅप्चर म्हणतात. लॅटिन बायबलमध्ये त्या जागी रापेरेचंच रूप आहे. मराठीतलं ‘मन हरण करणं’ आणि ‘मनोहर’ याच चित्रावर उभे आहेत, हरण म्हणजे पळवून नेणंच.

एकटक लक्ष म्हणजे ‘रॅप्ट अटेन्शन’. तिथे गुंडाळण्याचा ‘रॅप्ड’ लिहिणं ही सर्रास होणारी चूक. ‘रॅव्हिशिंग’ म्हणजे मोहून टाकणारं सौंदर्य, पण क्रियापद ‘रॅव्हिश’मध्ये बळजबरीचा जुना अर्थ अजून जिवंत आहे, ते टाळावं. पाणबुडे साधारण 30 मीटरच्या खाली हवेवर श्वास घेत गेले की दाबाखालच्या नायट्रोजनमुळे त्यांना दारू प्यायल्यासारखी धुंदी येऊ शकते. तिचं एक नाव ‘रॅप्चर ऑफ द डीप’. धोका हा की त्या क्षणी छान वाटत असतं आणि निर्णय चुकत असतात.

‘युफोरिया’चा स्वभावही थोडा असाच. ग्रीकमध्ये ‘यू’ म्हणजे चांगलं आणि ‘फेरेइन’ म्हणजे वाहणं, सोसणं, संस्कृतातल्या ‘भृ’चा नातेवाईक. वैद्यकात हा शब्द रुग्णाला वाटणाऱ्या बरेपणासाठी आला. आजही त्यात ‘परिस्थितीच्या मानाने जास्तच’ अशी छटा असते. बाजारात युफोरिया आहे असं कुणी म्हणतं तेव्हा तो इशारा असतो.

‘एन्थुझिअॅझम’ म्हणजे आज उत्साह, पण मुळात ‘आत देव असणं’. आपल्या ‘अंगात येणं’चं हुबेहूब रूप. अठराव्या शतकात इंग्रजीत तो धर्मवेडासाठीचा हिणकस शब्द होता, तो धुऊन निघून इतका सोज्ज्वळ झाला की आता नोकरीच्या अर्जातही लिहितात. ‘इबलियंट’ म्हणजे उकळणारा, आनंदाच्या उकळ्या फुटलेला. ‘थ्रिल’ म्हणजे भोसकणं. ‘नॉस्ट्रिल’मधला दुसरा भाग हाच, नाकाचं भोक. ‘ज्युबिलंट’ला आवाज लागतो, घोषणा, गलका, मिठ्या. एकट्याने शांत बसून ज्युबिलंट होता येत नाही. ‘ग्ली’त कधी कधी दुसऱ्याच्या फजितीचा आनंद मिसळलेला असतो.

याच्या उलट ‘ब्लिस’ला आवाज नसतो. तो शांत, संथ, टिकणारा आनंद, आणि अध्यात्मातल्या ‘आनंद’ या शब्दासाठी इंग्रजीत बहुधा तोच निवडतात, ते योग्यच आहे. दिसायला सारखा असला तरी ‘ब्लेस’शी त्याचं जन्माचं नातं नाही. ब्लेसचा संबंध ‘ब्लड’शी, म्हणजे रक्ताने पवित्र खूण करण्याशी आहे. शेजारी राहून दोघांनी एकमेकांचे अर्थ उचलले इतकंच. ‘डिलाइट’चंही तसंच, त्यात प्रकाश नाही. त्यातली ‘जी-एच’ अक्षरं सोळाव्या शतकात ‘लाइट’च्या नकलेने घुसली.

किती आनंद झाला, हे कसं सांगायचं

साधारण चढता क्रम असा: ‘प्लीझ्ड’, ‘ग्लॅड’, ‘डिलाइटेड’, ‘थ्रिल्ड’ किंवा ‘इलेटेड’, ‘ओव्हरजॉइड’, ‘एक्स्टॅटिक’. खालच्या पायऱ्यांना ‘व्हेरी’ लागतो. वरच्या शब्दांत ‘अतिशय’ आधीच भरलेला असतो, म्हणून ‘व्हेरी एक्स्टॅटिक’ कानाला खटकतं. तिथे ‘अॅब्सोल्यूटली’ लावावा किंवा काहीच लावू नये. ‘प्लीझ्ड’बद्दल एक गैरसमज आहे. तो कोरडा वाटतो, पण ‘वी आर प्लीझ्ड टू इन्फॉर्म यू’ हे औपचारिक पत्रातलं रूढ, आदरशीर वाक्य आहे, आणि तिथे ‘थ्रिल्ड’ टाकला तर पत्राचा तोल जातो. मैत्रिणीला मूल झाल्याची बातमी कळल्यावर मात्र ‘आय अॅम प्लीझ्ड’ एवढंच लिहिलं तर ती समजेल की आपल्याला फारसा आनंद झालेला नाही. तिथे ‘आय अॅम ओव्हरजॉइड फॉर यू’ लिहावं.